परशूचं हत्यार

बाजारकुणंगच्या परशूला कुणी विचारलं, "काय काम करतोस रं रामनगरला?" तर तो म्हणायचा, "मशीनवर हाय." कुठल्या मशीनवर, असं कुणी खोदून विचारायला लागलं की त्याला हटकून कुठेतरी जायचं असे.

रामनगरला एका जुन्या भातगिरणीच्या शेडमध्ये बेळगावच्या प्रशांत साहेबांनी छोटा कारखाना काढला होता. केसासारखी बारीक काचेची तार तिथे वाटीएवढ्या रिळावर गुंडाळत. त्या गुंडाळलेल्या रिळाला म्हणायचं कॉइल. ती जायरोस्कोपमध्ये बसते. विमान कुठल्या बाजूला किती वळलं, हे तो जायरोस्कोप तारेतून फिरणाऱ्या उजेडावरून ओळखतो. परदेशी यंत्रावर गुंडाळलेली कॉइल महाग पडते. साहेबांचा हट्ट असा, की साधी मोटर, वर कॅमेरा आणि खाली सराईत हात असला तर तीच वस्तू कितीतरी स्वस्तात होईल. वेढ्याला वेढा गोंदानं चिकटून बसला पाहिजे. मध्ये फट नको आणि एकावर एक चढणंही नको. चुकला एक वेढा की गेली कॉइल.

आता हे काम करणाऱ्या सगळ्या बायका, आणि त्यांच्यात परशू एकटा बाप्या. डोक्याला टोपी, अंगात पांढरा झगा, हातात बांबूची काडी. वेढा जरा इकडेतिकडे झाला की काडीच्या टोकाने हळूच सरकवायचा. गोव्यात बांधकामावर सिमेंट वाहून परशूची कंबर गेली होती, म्हणून तो इथे आला. शिकवलं त्याला नेत्रानं, त्याच्याहून कितीतरी लहान पोरीनं. त्याचे पंजे फावड्याएवढे, पण हात हलका. लोखंडाने काच ओरखडते, प्लास्टिकचं टोक बोथट होतं, म्हणून त्याने घरामागच्या बेटातला बांबू तासून ही काडी केली. मग सगळ्याच बायका म्हणाल्या, "परशूआण्णा, आमालाबी एक."

शेडमध्ये त्याचा मान होता. पण आयुष्यभर जंगलात लाकडं तोडलेल्या भिकाजीचा पोरगा बायकांत बसून काडीनं तार सरळ करतो, हे गावाला कळलं तर? नुसत्या विचारानं त्याचे कान तापत.

आणि दर वर्षी खंडेनवमी यायची. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं देवापुढे मांडतात. भिकाजीची कुऱ्हाड, आईचा विळा, नांगराचा फाळ. "परश्या, तुझं आण," असं म्हातारा म्हणाला की परशू एक पाना काढून ठेवायचा. पाना शेजारच्या गॅरेजवाल्याचा, मागून आणलेला. देवापुढे दुसऱ्याचं हत्यार ठेवून हात जोडताना त्याची मान वर होत नसे.

यंदा त्याच्यानं ते झालं नाही. शेडमध्ये मोठी कॉइल अर्ध्यावर आली होती, बेंगळूरला पाठवायचा नमुना. तो पास झाला तर काम मिळणार, नाहीतर शेडला कुलूप आणि परशू परत गोव्याला, सिमेंटच्या गोण्यांखाली. अशा वेळी देवाशी खोटं कसं बोलायचं? त्याने झग्याच्या खिशातली काडी घरी आणली आणि कुऱ्हाडीच्या शेजारी ठेवली.

भिकाजीनं ती उचलून उजेडात धरली. "ह्ये काय रं? कान कोरायचं?"

परशूनं मग सगळं सांगून टाकलं. तार, विमान, झगा, बायका, सगळं. म्हातारा आधी पोट धरून हसला. मग त्यानं कुऱ्हाडीला लावतात तसं त्या काडीलाही बोटानं खोबरेल चोळलं, वर हळदकुंकू लावलं. "हत्यार लहान असलं म्हणून काय झालं? हत्यार ते हत्यार."

दसरा झाल्यावर परशूनं काडी साबणानं धुतली, स्पिरिटनं पुसली आणि कामाला लागला. धुतली म्हणजे झालं, असं त्याला वाटलं. बांबू तेल पितो हे ज्याला लहानपणापासून माहीत, त्याला तेवढ्यापुरतं ते सुचलं नाही.

कॉइल पुरी झाली तशी तपासणीसाठी ती तापवून गार करायच्या पेटीत ठेवली. पडद्यावरची रेघ सरळ राहायची, ती वाकडी पळू लागली. साहेब नेत्राकडे वळले. कॉइल तिच्या जबाबदारीवर होती. "घाई केलीस का?" तिचे डोळे भरले. "न्हाई सर."

साहेबांनी सगळ्यांसमोर कॉइल उलगडायला लावली. वरचे थर गेले आणि मधे गोंद धरलेलाच नव्हता. तार तिथे तेलकट लागत होती, वेढे सुटून सरकले होते. एका जागी चक्क पिवळा डाग.

नेत्रानं डाग बघितला, मग परशूच्या हातातल्या काडीकडे बघितलं.

"माझी चूक हाय, साहेब," परशू म्हणाला. "खंडेनवमीला काडी पूजेला ठेवली व्हती. तेल लागलं." बायका हसल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणीही हसलं नाही. सगळ्यांच्या घरी नवमीला हेच झालं होतं, विळे, कोयते, शिलाईची मशिनं. फक्त त्यांनी आपापल्या काड्या शेडमध्येच ठेवल्या होत्या. परशूला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

साहेबांनी बेंगळूरला हातापाया पडून मुदत वाढवून घेतली. परशूनं सगळ्यांसाठी नव्या काड्या तासल्या आणि नेत्राच्या शेजारी बसून नवी कॉइल गुंडाळली. ती त्याला एकदाही टोचून बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. ती कॉइल पास झाली. शेडमध्ये पेढे वाटले. परशूनं हातात घेतलेला पेढा तसाच कागदात बांधून घरी नेला.

भिकाजी ओसरीवरच बसला होता. पेढा तोंडात टाकून गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "झालं न्हवं? मी म्हटलं न्हाई? हळद लावली म्हणून झालं!" दोनचार माणसं जमली. "माझ्या पोराचं हत्यार आभाळातल्या इमानाला लागतंय," म्हातारा त्यांना सांगत होता. इतकी वर्षं परशू ज्या गोष्टीला घाबरला, ती अशी, कौतुकानं गावभर झाली. परशू खाली मान घालून उभा.

मग भिकाजीनं कनवटीला हात घातला. वाकड्या झालेल्या बोटांनी त्याने स्वतः एक काडी तासली होती, परशूच्या काडीपेक्षा सुबक. "वाळला बांबू हाय. आठवडाभर तेलात ठेवली व्हती. आता जल्मात मोडायची न्हाई."

परशूनं ती दोन्ही हातांनी घेतली. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि म्हाताऱ्याचा चेहरा बघून मिटलं.

आता रोज सकाळी तो ती काडी सदऱ्याच्या खिशात घालून निघतो. शेडच्या दारात आला की रुमालात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवतो, साबणानं हात धुतो, पुन्हा धुतो, आणि मगच आत जातो. संध्याकाळी भिकाजी विचारतो, "चालतीया न्हवं?"

"व्हय आप्पा," परशू म्हणतो. "लई बेस चालतीया." आणि बूट काढायच्या निमित्तानं खाली वाकतो.