पंचनाम्यात न लिहिलेली डबी

ती गंजलेली डबी आजही डोळ्यांसमोर येते. नोकरीतल्या बऱ्याच केसेस मी चारचौघांत सांगितल्या. ही मात्र घरातही कधी बोललो नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे. मी पनवेल ठाण्यात फौजदार होतो. एका परदेशी कंपनीचा मुंबईतला माणूस खबर घेऊन आला. कंपनीच्या ‘बगळा छाप’ मलमाची नक्कल खाडीकाठच्या एका गावात होते, असे त्याचे म्हणणे. सोबत मॅजिस्ट्रेटचे झडती वॉरंट आणि लाल लाखेचा नोंदणी दाखला. दाखला कंपनीच्या देशातला होता. लाख पाहूनच मी दबलो. आपल्याकडे नोंदणी आहे का, हे विचारलेच नाही.

मलम करणारा आगरी गृहस्थ पन्नाशीचा. मिठागरात उतरण्याआधी लोक ते मलम पायांच्या भेगांत भरत, नाहीतर खारे पाणी झोंबते. झाकणांवर बगळा उठवायचा लाकडी ठसा मी जप्त केला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि त्याला ठाण्यात आणले.

“छाप कुणाचा?”

“माज्या बापाचा, साहेब.”

“कागद आहे?”

“बगला रोज खाडीवर बसतो. त्याला कागद कोन देनार?”

हवालदार हसला. मीही हसलो.

दुपारी त्याच्या गावची एक म्हातारी आली. कनवटीची डबी काढून तिने टेबलावर ठेवली; मूळची मलमाचीच, आता तिच्यात तंबाखू. झाकणावर तोच बगळा, पुसट झालेला.

“माजा लगीन झाला तवाची हाय. आता नातू मिठागरात जातो. मंग चोर कोन, फौजदार?”

दाखल्यावर छाप पहिल्यांदा वापरल्याचे साल होते. ते तिच्या लग्नाच्याच काय, नातवाच्या जन्माच्याही नंतरचे निघाले. मला सगळे उमगले. पण पंचनामा पुरा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची तपासणी होती. डबी दाखल केली तर माझीच घाई कागदावर आली असती.

“आजी, ही घरी ठेव. इथे हरवेल.”

“ठेवते. पन तुमी बगितली ना?”

मी मान खाली घालून लिहीत राहिलो. संध्याकाळी त्या गृहस्थाला म्हणालो, “माफीनामा दे, सुटशील.” त्याने अंगठा उठवला. बगळ्याचा लाकडी ठसा मी त्याच्यासमोर जाळला.

पुढे बदली झाल्यावर एका वकिलांना सहज विचारले. ते म्हणाले, “काही देशांत जो आधी नोंदवतो, त्याचा छाप. आपल्याकडे आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क दुसऱ्याच्या नोंदणीने जात नाही. आणि परदेशातला दाखला इथे कशाला चालेल?”

“गंजलेली डबी पुरावा होते?”

“याहून चांगला कुठला हवा?”

एकदा त्या मलमवाल्याच्या घरी गेलो. बगळा नसलेली डबी कुणी घेईना. गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हते, ती बगळा पाहून मलम घेत. तो आता दुसऱ्याच्या मिठागरात राबत होता, भेगाळलेल्या पायांनी. “बसा, साहेब,” म्हणाला. मी बसलो, पाणी प्यालो आणि खरे न सांगताच उठलो.

लाखेच्या कागदासमोर माणूस लवकर वाकतो आणि वाकलेला फौजदार दुसऱ्याला वाकवतो, एवढे या केसने मला शिकवले. त्या मलमवाल्याचा मुलगा बापाच्या छापासाठी कोर्टात गेला तर मी साक्षीला येईन. तोवर तो पंचनामा इथे पुरा करतो : पत्र्याची डबी, एक. गंजलेली. झाकणावर बगळा. मी स्वतः पाहिली.