थोरलीला आमचा मुलूख दाखवला तेव्हा

माझी थोरली बहीण एकदाच आमच्याकडे आली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते आणि कृष्णाकाठचा ऊस पुन्हा माणसाच्या डोक्यावर गेला होता. आमच्याकडे म्हणजे इस्लामपूरपासून सात-आठ मैलांवरच्या गावात. मी जन्मानं आयरिश. लंडनच्या इस्पितळात नर्स असताना, साखरेचं शिक्षण घ्यायला आलेल्या वाळवा तालुक्यातल्या एका शांत माणसाशी लग्न केलं आणि त्याच्या मागोमाग इकडे आले. बहीण येईपर्यंत मला इथं चौदा वर्षं झाली होती.

तिचा नवरा वर्षापूर्वी गेला होता. मूलबाळ नव्हतं. तिकडच्या पावसाळी डोंगरावर बारा गायी आणि ती, एवढाच संसार. मी पत्रांवर पत्रं धाडली होती, की सगळं विकून टाक आणि इकडे ये, कायमची. घर मोठं आहे, माणसं चांगली आहेत. तिनं दोन ओळींचं उत्तर पाठवलं, 'आधी येऊन बघते, मग ठरवते.' त्यामुळे मी तिला नुसता मुलूख दाखवत नव्हते, तर स्थळ दाखवावं तसा दाखवत होते.

मिरज स्टेशनवर उतरल्याबरोबर तिला सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत नेलं. आढ्याला टांगलेले वाळके भोपळे बघून ती म्हणाली, "एवढे भोपळे कोण खातं?" मी सांगली दाखवली, गणपतीचं देऊळ दाखवलं, तासगावचे द्राक्षांचे मांडव दाखवले, वाईच्या घाटावर बसवून साताऱ्याचे पेढे खायला घातले. नवरा म्हणाला, "अगं, तिला दम तरी खाऊ दे. आम्ही इथंच जन्मलो, पण निम्मं तर आम्हीही बघितलेलं नाही." मला राग आला. मला तो पटकन येतो.

पण तिला आवडला तो आमचा गोठा. दुसऱ्याच दिवशी ती पहाटे उठून म्हशीखाली बसली. म्हैस नवख्या माणसाला पान्हा सोडत नाही, हिला सोडला. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. "आगं, हिचा हात तर लय हलका हाय," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून दोघींची जोडी जमली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघी तासन्‌तास बोलायच्या. आत्याबाईंनाही नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. मला वाटलं, जमलं. ही आता राहते.

सांगलीच्या पेठेत तिनं हिरवं सुती लुगडं घेतलं. शेजारी कासाराचं दुकान होतं. तिनं हात पुढे केला, आणि कासारानं तिच्या रुंद, कामसू हातात दोन्हीकडे सहा-सहा हिरव्या बांगड्या भरल्या. मी कासाराचे पैसे दिले. सांगलीत आम्हाला कोण ओळखत होतं? ती हात हलवून बांगड्या वाजवत होती, आणि नवरा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते.

गावात मात्र शेजारीण दुसऱ्याच दिवशी ताकाच्या निमित्तानं आली आणि विचारती झाली, "आवं काकी, पाव्हणीबाईंचं मालक न्हाई आलं व्हय?"

गोठा सोडून कसे येतील, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. बहिणीच्या बोटात लग्नाची अंगठी होती, हातात बांगड्या होत्या. पण उद्या कुठून तरी कळलं तर? मी म्हणाले, "ते गेले. वर्ष झालं."

"आगाई गं," शेजारीण म्हणाली. आणि मग, "पर ह्यांच्यात कुठं आसतंय आपल्यावानी? शुक्रवारी हळदीकुंकवाला बसू द्या की त्यास्नी. कोण काय म्हनतंय?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्या घरात रीत पाळतात."

हे मी म्हणाले. शेजारणीनं नाही, नवऱ्यानं नाही, आत्याबाईंनी नाही. याला कारण आहे, पण ते सांगून माझी सुटका होणार नाही. मी आले तेव्हा पहिली दोन वर्षं माझी कपबशी वेगळी असायची, न्हाणीजवळच्या कोनाड्यात. कुणी वाईट बोललं नाही, फक्त कपबशी वेगळी. तो कोनाडा रिकामा व्हायला मी नऊवारी नेसायला शिकले, पुरण वाटायला शिकले, सगळे उपास धरले. नवरा चेष्टा करायचा, "आमच्यापेक्षा तूच जास्त आमच्यातली झालीस." ती मला चेष्टा वाटायचीच नाही.

शुक्रवारी सोप्यात सतरंज्या अंथरल्या. तिळगूळ, वाण लुटायला पितळी वाट्या, हळदीकुंकवाचे करंडे, सगळं तयार होतं. बायका यायला अर्धा तास होता. आणि बहीण खोलीतून बाहेर आली, हिरवं लुगडं नेसून. आत्याबाईंनी तिला नेसवलं होतं. केसांत शेवंती खोवली होती. ती म्हणाली, "मी कुठं बसू?"

मी तिला हाताला धरून न्हाणीत नेलं. आमच्या माहेरच्या बोलीत भराभर सांगितलं, की आज तुला पुढे बसता येणार नाही, नवरा नसलेल्या बायका बसत नाहीत, तू मागे आत्याबाईंबरोबर बस, आणि या बांगड्या आधी काढ. मग तिनं हात पुढे केले, कासारापुढे केले होते तसेच.

मी साबण लावला. उजव्या हातातल्या निघाल्या. डाव्या हाताला कधीतरी गायीनं लाथ मारली होती, तिथलं हाड वर आलेलं होतं, त्यावरून बांगडी सरकेना. अंगणात बायकांचे आवाज ऐकू यायला लागले. मी तिचा हात दगडावर टेकवला आणि तांब्याच्या काठानं बांगड्या फोडल्या. सहाच्या सहा फुटल्या. मनगटावर रक्ताची रेघ उठली. वळून बघितलं तर दारात आत्याबाई उभ्या होत्या.

मी हात धुतले आणि पुढे गेले. चाळीस-एक बायकांना कुंकू लावलं. शेजारणीनं हळूच विचारलं, "पाव्हणीबाई कुठायत?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय तिचं." मागच्या पडवीत दोघी पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बहिणीच्या मनगटाला आत्याबाईंनी हळद भरून चिंधी बांधली होती.

संध्याकाळी बहीण म्हणाली, "मी विचार केला. तिकडचा गोठा विकत नाही." मी म्हटलं, लोकांची रीत आहे, माझा इलाज नव्हता. ती म्हणाली, "कोण आडवं आलं होतं? मला नाव सांग." ती चिडली नव्हती. चिडली असती तर मी भांडले असते, भांडण मला जमतं.

चार दिवसांनी तिला मिरजेला गाडीत बसवून आले. आत्याबाई ओसरीवर बसून होत्या. "कवा येनार परत?" त्यांनी विचारलं.

"नाही येणार."

त्या म्हणाल्या, "माझ्या बांगड्या माझ्या नणंदेनं फोडल्या. परक्या घरची. तिचं मी मनाला लावून न्हाई घेतलं. पर सख्ख्या भनीनं फोडल्याल्या म्या कवा बघितल्या न्हवत्या गं."

मला रडू आलं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही.

त्यानंतर नाताळला बहिणीचं एक कार्ड यायचं, खाली नुसती सही. पाच वर्षांनी तेही थांबलं. ती गेल्याचं पत्र तिच्या शेजाऱ्यानं लिहिलं होतं, ते मला महिन्यानं मिळालं. शेवटी दवाखान्यात एकटीच होती, एवढं त्यात होतं.

त्या वर्षापासून मी हळदीकुंकू बंद केलं, असं इथं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी ते केलं. दरवर्षी केलं. आणि जाताना बायका म्हणायच्या, "काकींच्यावानी रीतीनं कुणी करत न्हाई."