मागच्या सीटची दांडी

देवीवर माझी श्रद्धा आहे असं मी चारचौघांत सांगत असे, पण खरं सांगायचं तर आमचं नातं देण्याघेण्याचं होतं. डहाणूजवळच्या आमच्या नरपडहून वर्षातून एकदा महामार्गालगतच्या महालक्ष्मीला जायचं, नारळ ठेवायचा, मागायचं ते मागायचं आणि जेवायच्या वेळेला घरी परतायचं. निवृत्त झाल्यावर मागण्यासारखंही फारसं उरलं नाही. उरली ती एक जुनी हौस. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या काचेच्या नळ्या धुतल्या, आता मला लांब पल्ल्याची एक जुनी मोटारसायकल हवी होती. रुंद सीट, दोन्ही बाजूंना चामड्याच्या पेट्या, पुढे वारा अडवायला काच, अशी. लहानपणी वाडीवाल्या शेठकडे मी ती पाहिली होती आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेली नव्हती.

तशीच गाडी मला तलासरीच्या पुढे, उधव्याजवळच्या एका पाड्यावर सापडली. गोठ्याच्या पडवीत पेंढ्याखाली ती उभी होती, सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. एका म्हाताऱ्या आजीची गाडी. तिचा नवरा चिकूच्या वाडीवर ड्रायव्हर होता, मालक वाडी विकून गेला तेव्हा गाडी त्याला देऊन गेला. नवरा वारल्यावर कुणी हात लावला नव्हता. गाडीची खरी किंमत मला पहिल्याच नजरेत कळली आणि मी तोंडावरची माशी हलू दिली नाही. ‘भंगार आहे आजी,’ असं बोलण्यात तीन वेळा आणलं. भंगारवाला देईल त्यापेक्षा थोडंसं जास्त देऊन गाडी टेम्पोत चढवली. त्यावेळी मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं, आज ते लिहिताना मान वर होत नाही.

टेम्पो निघताना सून दारात उभी होती, आजी जवळ आली. तिच्या डोळ्यांना तेव्हाही अंधुकच दिसत असावं, कारण ती गाडीला हाताने चाचपत मागे गेली आणि मागच्या सीटची लोखंडी दांडी, बसणाऱ्याने धरायची असते ती, तिने धरली.

“भाऊ, गाडी ने. ही दांडी तेवढी मना ठेव.”

मी हसून म्हणालो, “आजी, एक नट जरी कमी झाला तरी गाडी अपुरी राहते.”

तिने हात काढला. “बरं. मंग चालाया लागली का दाखवाया आण.”

“आणतो की,” मी म्हणालो. दांडी कशाला हवी, हे विचारायचं मला सुचलंच नाही. म्हातारं माणूस, काहीतरी चुलीला लावायला मागत असेल, इतकाच विचार मी केला.

पुढचं दीड वर्ष त्या गाडीने आमचं अंगण खाल्लं. इंजिन उतरवलं, पिस्टन बदलला, टाकीतला गंज काढला, वायरिंग नव्याने ओढलं. आमची ही म्हणायची, “देवघरातली समई काळी पडलीय, आणि यांचं चाक बघा, तोंड दिसतंय त्यात.” मी हसण्यावारी नेत असे. मला गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी होती, तिच्यावर कुणाच्या वापराची खूण राहता कामा नये. मागच्या दांडीवर कानशीने पाडलेल्या बारीक खाचा होत्या, अगदी एका ओळीत, सारख्या अंतरावर. क्रोम करायला ती वापीला नेली तेव्हा कारागिराने विचारलं होतं, “काका, ये निशान रखना है?” मी म्हणालो, घासून टाक. त्याने घासून, पॉलिश करून, आरशासारखी दांडी माझ्या हातात दिली.

फाल्गुनात गाडी तयार झाली. पहिली मोठी फेरी तलासरीवरून उधव्याकडे, तिथून सिल्वासापर्यंत आणि येताना महामार्गाने महालक्ष्मीला नारळ, असं ठरवलं. त्या रस्त्यावर आजीचा पाडा लागतो हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला दिलेला शब्दही आठवत होता. पण अशी चकाकती गाडी तिच्या दारात उभी केली तर ती काय समजेल, सून काय म्हणेल, ‘भंगार’ म्हणणारा तो हाच का, असं कुणी विचारलं तर? म्हणून मी ठरवलं की थांबायचं नाही. पाड्याचं वळण दिसलं तसा मी ॲक्सिलरेटर पिळला. वळण ओलांडून शंभर पावलं गेलो असेन, आणि गाडी दोन-तीन आचके देऊन बंद पडली.

भर दुपारची वेळ. मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा आणि बाकी सगळीकडे ऊन. मी किक मारत राहिलो. त्या इंजिनाची किक म्हणजे हाडं खिळखिळी करणारा प्रकार. सकाळी मधुमेहाची गोळी घेऊन नुसत्या चहावर निघालो होतो. विसाव्या किकला हात थरथरू लागले, अंगाला गार घाम सुटला आणि डोळ्यांपुढे पिवळं पिवळं झालं. मी रस्त्याच्या कडेला बसलो. मोबाईल काढला, पण त्यावरचे आकडे वाचता येईनात. आपण इथेच पडणार, असं वाटलं. घाबरलो होतो, पण देवीचं नाव तोंडात आलं नाही. कोणत्या तोंडाने घेणार होतो?

तेवढ्यात एक बाई भरभर चालत आली. हातात पाण्याचा तांब्या आणि मूठभर गूळ. काही न विचारता तिने गूळ माझ्या तोंडात कोंबला, पाणी पाजलं. थोड्या वेळाने मला नीट दिसू लागलं तेव्हा ओळखलं, आजीची सून. म्हणाली, “आयेला ऐकू आली तुमची गाडी. घरात बसून होती. म्हणली, आपली गाडी जात हाय. मंग बंद झाली तसं म्हणली, जा, पाणी ने, गूळ ने, माणूस तापला असंल.”

बंद पडलेली गाडी ढकलत आम्ही पाड्यावर आणली. आजी ओट्यावर होती. आता तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो, असं सुनेने सांगितलं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “तापली का ही उन्हात रुसती. ओला फडका गुंडाळ पेट्रोलच्या नळीला. तो तसंच करायचा.” सुनेने फडका भिजवून दिला, मी गुंडाळला, आणि नाचणीची आंबील पिऊन झाल्यावर गाडी एका किकमध्ये सुरू झाली. उन्हाने पेट्रोलची वाफ होते, हे मला नंतर मेकॅनिकने समजावलं, ते खरंच आहे. पण ती नेमकी तिथेच का झाली, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

गाडीचा आवाज ऐकून आजी उठली. चाचपत मागे गेली. दांडी सापडली, तशी तिची बोटं तिच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. मग परत पहिल्या टोकाला आली. पुन्हा फिरली. सून हळूच मला म्हणाली, “दर चैतात दोघं देवीला जायची. पोरगा व्हावा म्हणून पयल्यांदा गेली, मंग जातच रायली. घरी आल्यावर बाबा कानशीनं एक खाच पाडायचे. एकोणीस होत्या. आये मागं बसून मोजायची.”

मला वाटलं, जमीन दुभंगावी. मी पेटीतून पाना काढला, दांडीचे नट सोडवले आणि ती तिच्या हातात दिली. “आजी, तुमची दांडी. चुकलो मी. खाचा मीच घासल्या.”

ओट्यावर बसून तिने ती थोडा वेळ मांडीवर धरली. चेहऱ्यावर राग शोधला मी, निदान राग तरी असावा असं मला वाटत होतं. ती म्हणाली, “गुळगुळीत झाली. आता मना काय कामाची?” आणि परत माझ्याकडे दिली. “लाव मागं. तुझी बायको बसंल ना? धराया काय नसलं तर पडंल ती.”

मी म्हणालो, “आजी, चला, आत्ता देवीला घेऊन जातो तुम्हाला.” ती मान हलवून म्हणाली, “डोंगर चढवंना त्या बाईसाठी देवीच खाली आली ना? मंग मी कशाला जाऊ? तू जा.” गडावर चढता न येणाऱ्या गरोदर भक्तिणीसाठी महालक्ष्मी पायथ्याशी उतरली, ही कथा आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे.

पाडव्यानंतरच्या मंगळवारी मी हिला मागे बसवून महालक्ष्मीला गेलो. या वेळी स्वतःसाठी काही मागितलं नाही. आजीच्या नावाने ओटी भरायची म्हणून हिने खण, नारळ, तांदूळ काढले आणि विचारलं, “नाव काय त्यांचं?” गाडीच्या कागदांवर नाव होतं ते आजीच्या नवऱ्याचं. गाडीचा इंजिन नंबर मला पाठ होता, आजीचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

“उधव्याच्या आजी, असंच म्हण,” मी म्हणालो. “देवीला ठाऊक आहे.” म्हणालो आणि तिथेच शरमलो. देवीवर सोपवणं वेगळं आणि आपला आळस तिच्या पदरात टाकणं वेगळं, हे मला एवढ्या वयात कळत होतं. ज्या दयेची माझी लायकी नव्हती ती त्या दुपारी तांब्याभर पाणी घेऊन चालत आली, त्याबद्दल मी हात जोडले. खाचा परत येणार नाहीत, तेही तिच्यापुढे कबूल केलं. मग हिला म्हणालो, ओटी परत पिशवीत ठेव. गाडी डहाणूकडे न वळवता तलासरीच्या रस्त्याला घातली. आधी नाव विचारायचं होतं.