फक्त पंखा

एका मंगळवारी सकाळी हायवेच्या पुलावर गाडीच्या रेडिएटरचा पंखा बंद पडला. गाडी थांबली. गाडीत सुनंदा होती. तिच्या छातीत दुखत होतं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती गेली.

गाडी तिचा नवरा चालवत होता. मी त्यांना भाऊ म्हणायची. मुलुंडला एकाच मजल्यावर आमची दारं समोरासमोर. सुनंदा माझी मैत्रीण. मी शाळेत ग्रंथपाल होते. तिथून आणलेली पुस्तकं ती माझ्याआधी वाचून काढायची आणि शेवट सांगून टाकायची. त्या दिवशी मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पुलावर गाड्या हलत नव्हत्या. आमच्या बॉनेटमधून वाफ निघाली, इंजिन बंद पडलं. पुलावर रिक्षा थांबेना, बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स त्याच गर्दीत मागे अडकली. भाऊ बॉनेट उघडून उभे होते. त्यांना त्यातलं काहीही कळत नव्हतं.

ते पाणीखात्यात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर नळांची आणि टाक्यांची चित्रं काढली, पण घरातला गळका नळ कधी दुरुस्त केला नाही. "माझा नळ कागदावर गळत नाही," असं म्हणायचे. सुनंदा कपाळाला हात लावायची. भाऊंचं बोलणं कमी, चालणं सावकाश. सोसायटीत कुणी घाई करायला लागलं की त्यांचं ठरलेलं, "होईल. बघूया." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जिन्यात भेटली तर आपण नमस्कार करतो आणि पुढे जातो. त्यांच्या पोटात राग राहू शकेल, हे आपल्या मनातही येत नाही.

तो पंखा आदल्याच आठवड्यात बदलून घेतला होता. सोसायटीच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे एक गॅरेज आहे. गॅरेजवाला दिनेश. भाऊ देवगडकडचे, तोही तिकडचाच. त्यामुळे त्या दोघांचं बोलणं गावच्या बोलीत चालायचं, आणि भाऊ जेवढे त्याच्याशी बोलत तेवढे आमच्या कुणाशी बोलत नसत.

"मेल्या, गाडी कधी देतलंस?"

"सांजपर्यंत देतंय, काका. नवो पंखो टाकलंय. आता दहा वर्सां बघूक नको."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. सुनंदा तेव्हा फाटकापाशी कोथिंबिरीची जुडी निवडून घेत होती. तिने त्याच भाजीवाल्याकडून दोन लिंबं घेऊन दिनेशला पाठवली. उन्हाचं सरबत कर म्हणाली.

तेरावं झालं. गाडी टो करून आणलेली तशीच आवारात उभी होती. एका सकाळी भाऊंनी माझं दार वाजवलं.

"बाई, एखादी वाटी आहे? जरा मोठी."

वाटी कशाला, ते खाली गेल्यावर कळलं. बोल्ट ठेवायला. भाऊंनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्या पंख्याचं चित्र काढलं होतं. वरून, समोरून आणि बाजूने. पाणीखात्याची शिस्त. ते चित्र पुढच्या काचेवर वायपरखाली अडकवलं आणि कामाला लागले. इंजिन थंड आहे ना, हे हात लावून पाहिलं. आधी बॅटरीची काळी वायर काढली, मग पंख्याकडे जाणारी वायर कुठे जोडली आहे ते शोधू लागले. चित्रात तिथे एक प्लास्टिकची जोडणी होती. मेकॅनिक तिला कपलर म्हणतात. आमच्या गाडीत ती नव्हती. दोन तारा एकमेकींना पिळल्या होत्या आणि वर काळी टेप गुंडाळली होती. टेप वितळली होती.

भाऊंनी ती बोटाने चाचपली. मग एकेक बोल्ट काढून माझ्या वाटीत टाकला. पंखा चौकटीसकट वर ओढून घेतला आणि आवारातल्या नळाखाली धरून कपड्याच्या ब्रशने घासला. वरचा काळा रंग निघायला लागला. खाली गंज होता. तो दुसऱ्या कुठल्या तरी गाडीतून काढलेला पंखा होता, रंगवलेला.

मी म्हटलं, "पोलिसांत जाऊ. मी येते. मी सगळं पाहिलंय."

"पोलिसांत गेलो तर तो सुटेल," भाऊ म्हणाले. "किंवा शिक्षा होईल, ती भोगेल आणि विसरेल. मला तो विसरायला नकोय, बाई. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

ओला पंखा हातात धरून ते रस्ता ओलांडून गेले. मी मागे. दिनेशच्या पुढ्यात, पान्यांच्या ट्रेवर त्यांनी तो ठेवला.

"हा नवा होता?"

"नवोच, काका. आईशपथ."

"ठीक आहे, दिनेशराव," भाऊ म्हणाले. "तुम्ही म्हणता तर असेल."

त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी गावची बोली बंद केली. दिनेशराव, अहो, तुम्ही. तो महिनाभरातच कासावीस झाला. एकदा फाटकापाशी आडवा आला. "काका, माका अहो-जाहो करू नकात. शिव्या घाला व्हयतर."

"शिव्या आपल्या माणसाला घालतात," भाऊ शुद्ध मराठीत म्हणाले आणि दूध घ्यायला गेले.

भाऊंनी नवीन पंखा आणून स्वतः बसवला. आधी पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवला, कारण रेडिएटरची जाळी नाजूक, धक्का लागला तर चेपते. बोल्ट सगळे हाताने लावून घेतले, मग पान्याने आवळले. कपलर बसल्याचा टक असा आवाज आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं त्यांचं खास. गाडी सुरू करायची, एसी लावायचा नाही, त्याने पंखा लगेच फिरतो, आणि तापमानाचा काटा वर चढून पंखा आपोआप सुरू होईपर्यंत बसून राहायचं. मध्ये बोलायचं नाही.

"ऐका," असं म्हणून ते डोळे मिटत.

मला वाटलं, इथे संपलं. पण पंधरवड्याने तिसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांच्या गाडीचा पंखा गेला. ते फाटकाबाहेर पडून गॅरेजकडे वळणार, तर भाऊ समोर. "मी बसवून देतो. पंखा तुम्ही आणा. माझं काही द्यायचं नाही."

जोशी हबकले. "काका, तुम्ही? कशाला त्रास?"

"एकदा दुसऱ्याकडून बसवून घेतला होता," भाऊ म्हणाले आणि रस्त्यापलीकडे पाहिलं. नाव घेतलं नाही.

तेवढं एक वाक्य. पुढची काही वर्षं प्रत्येक गाडीमालकाला त्यांनी तेवढंच सांगितलं, त्याच स्वरात, आणि तसंच रस्त्यापलीकडे पाहिलं. लोक गाडी दुरुस्त करून घेत आणि ते वाक्य घरी घेऊन जात. मग त्यांचे ब्रेक, क्लच, ऑइल हे सगळं हळूहळू दुसऱ्या गॅरेजांकडे जायला लागलं. दिनेशचा हाताखालचा माणूस सोडून गेला. मी ते बघत होते. मला बरं वाटत होतं. ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

भाऊ पंख्याशिवाय कशालाच हात लावत नसत. "काका, ब्रेक जरा कुरकुरतोय," कुणी म्हणालं की, "ब्रेक तुमचा. पंखा माझा." टायरमध्ये हवा कमी आहे का, एवढं पाहायलाही नकार. तळमजल्यावरच्या सावंतकाकूंनी विचारलं, "अहो, आमचा हॉलमधला पंखा घरघरतो, तो बघाल का?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "गाडीत बसवलात तर बघेन." काकू आठवडाभर हे सगळ्यांना सांगत होत्या.

शेजारच्या सोसायट्यांमधूनही गाड्या यायच्या. भाऊ कुणाच्या आवारात जात नसत. गाडी इथेच आणायची, फाटकाजवळ, बॉनेट गॅरेजकडे करून. सेक्रेटरींनी हरकत घेतली. "सोसायटीत गॅरेज चालणार नाही, काका. नियम आहे."

मी म्हटलं, "गॅरेज समोर आहे. इथे पंखा बसतो." सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिले, मी कधी कुणाला उलट बोलले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याच गाडीचा काटा लाल रेघेला टेकला. ते किल्ली घेऊन स्वतः वर आले. भाऊंनी त्यांना इतरांसारखंच डोळे मिटून बसवलं, फक्त ऐका म्हणताना जरा जास्त मृदू झाले.

दिनेश दुकानातून हे सगळं बघायचा. कधी येऊन म्हणायचा, "काका, नवोच होतो ओ." भाऊ उत्तर द्यायचे, "बरं, दिनेशराव."

मग त्याची मुलगी आली. लग्न होऊन ती ठाण्याला राहायची. तिने जुनी गाडी घेतली होती, तिचा पंखा गेला होता. नवीन पंख्याचं खोकं मागच्या सीटवर ठेवून तिने गाडी बापाच्या गॅरेजसमोरून आमच्या फाटकात घातली.

"काका, तुम्ही बसवाल?"

"वडिलांना विचारलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "बाळाला घेऊन फिरायचं असतं, काका."

मी भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत मी ज्याची वाट पाहत होते ते हेच, असं मला वाटलं. बापाच्या दारावरून त्याची स्वतःची लेक गेली होती. माझ्या मनासारखं झालं होतं. भाऊंच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्यांनी वाटी मागितली. मी दिली.

पंखा बसला. बॅटरीची वायर जोडून झाली. मग भाऊ तिला म्हणाले, "जा, वडिलांना घेऊन ये. गाडी ते सुरू करतील."

दिनेश आला. हात पुसत होता, हाताला काही लागलेलं नसताना. भाऊंनी त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसायला सांगितलं आणि स्वतः शेजारी बसले. "बाई, तुम्ही मागे बसा," मला म्हणाले. मी बसले. त्या दिवशीही मी तिथेच होते. फक्त मांडी रिकामी होती. मुलगी बाहेर उभी राहिली.

"चालू करा, दिनेशराव. एसी नको."

त्याने गाडी सुरू केली. काटा हळूहळू चढायला लागला. गाडीत उकडत होतं. दिनेशचा शर्ट पाठीला चिकटला. तो काट्याकडे बघत होता आणि भाऊ त्याच्याकडे. काटा अर्ध्याच्या वर गेला तरी पंखा लागेना. दिनेशचा हात किल्लीकडे गेला.

"राहू द्या," भाऊ म्हणाले. "आम्ही असेच बसलो होतो. बघत."

तेव्हा तो बोलला. मान वर न करता.

"पंखो जुनो होतो, काका. रंग मारून दिलंय. माका वाटला, चलात."

दिनेश रडायला लागला, मोठ्याने, मुलीसमोर.

"रडू नका," भाऊ म्हणाले. "ऐका."

आणि पंखा सुरू झाला. मोठा घुं असा आवाज आला, बॉनेट थरथरलं.

"माफ करा, काका."

"ते माझ्याच्याने होणार नाही, दिनेशराव. तुम्ही सांगितलंत, तेवढं पुरे." भाऊ दार उघडून उतरले. मुलीला म्हणाले, "चांगला बसलाय. बाळाला घेऊन खुशाल फीर." आणि जिन्याकडे निघाले. मी मागे बसूनच राहिले. पुढच्या सीटवर तो माणूस हुंदके देत होता आणि मला त्याची जरासुद्धा दया आली नाही.

त्यानंतर भाऊंनी एकही पंखा बसवला नाही. कुणी आलं तर म्हणत, "आता नाही करत." दुपारी झोपायला लागले. सुनंदाचं नाव काढू लागले, जे इतकी वर्षं काढत नव्हते. "ती तुम्हाला पुस्तकाचे शेवट का सांगायची, माहीत आहे?" एकदा म्हणाले. "तुम्ही जागत बसू नये म्हणून." मला हे ठाऊक नव्हतं. मी घरी येऊन रडले.

हिवाळ्यात एका दुपारी ते झोपेत गेले. मूल नव्हतं, पुतण्या देवगडहून आला. तिरडी खाली आणली तेव्हा गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं आणि दिनेश आमच्या आवारात उभा होता, आंघोळ करून, अनवाणी. खांदा द्यायला पुढे झाला. पुतण्याला काही माहीत नव्हतं, तो बाजूला सरकायला लागला. मी मधे उभी राहिले.

"तुम्ही नको, दिनेशराव," मी म्हटलं.

तो मागे झाला. जोश्यांनी खांदा दिला.

भाऊंना जे हवं होतं ते त्यांना मिळालं. ते एक वाक्य होतं, ते त्यांनी ऐकलं आणि त्यांचं झालं. माझं तेवढ्याने झालं नाही. माझ्या मांडीवर तिचं डोकं जड होत गेलं होतं, ते कुणी कबूल केल्याने हलकं होत नाही.

आता समोरच्या घरात पुतण्याने भाडेकरू ठेवले आहेत. गॅरेज चालू आहे. हाताखाली नवा माणूस आहे, बाहेर गाड्यांची रांग असते. सोसायटीतले लोकही पुन्हा तिथे जातात, जोशीसुद्धा. दिनेश मला पाहिलं की उठून उभा राहतो. मी त्याच्याशी बोलत नाही.