जांभळाची बिअर

मुलीने स्वतः बनवलेली जांभळाची बिअर छोट्या ग्लासात माझ्यापुढे ठेवली. "बाबा, खरं सांगा हं. तुम्हाला आवडली तरच विकायला काढणार."

मी ग्लास एका दमात रिकामा केला आणि सवयीने खिशातल्या बडीशेपेच्या डबीकडे हात नेला.

"बडीशेप नको, चव जाईल," डबी बाहेर येण्याआधीच ती म्हणाली.

म्हणजे ती डबी तोंडाचा वास लपवण्यासाठी असते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. वीस वर्षं मी घरच्यांपासून लपून प्यायलो, घाईत, पाठ फिरवून. चव कधी घेतलीच नाही.

"मला काही कळलं नाही गं," मी कबूल केलं.

तिने पुन्हा दोन घोट ओतले. या वेळी मी तिच्यासमोर बसून हळू प्यायलो. आधी कडवटपणा आला, मग तुरटपणा.

"जांभूळ जरा उशिरा लागतं," मी म्हणालो. "पण लागतं."