हँडलपाशी ठेवलेली ढील

निवृत्त झाल्यावर यांनी माळ्यावरची जुनी सायकल खाली काढली आणि तिला डायनामो बसवला. डायनामो मागच्या चाकाला, दिवा पुढे हँडलवर. मधली वायर त्यांनी दांडीच्या पोटाखालून ताणून, काळ्या टेपने चिकटवत अशी नेली की शोधूनही सापडू नये. यांचं सगळंच असं. आमच्याकडे दोरीवरचे टॉवेलसुद्धा काठाला काठ लावून वाळतात.

स्टँडवर चाक फिरवलं, दिवा लागला. खुशीत स्वारी निघाली आणि फाटकाशी हँडल वळवताच वायर तटकन तुटली.

"अहो, तिला वळायला जागा नको का?" मी म्हटलं.

त्यांनी सगळी टेप सोडवली, नवी वायर घातली आणि या खेपेला हँडलपाशी तिचा एक सैल वेढा ठेवला.

"गबाळं दिसतंय," ते पुटपुटले.

मी मात्र त्या वेढ्याकडे बघत राहिले. माणसांनाही आपण किती नीटनेटकं बांधून ठेवतो, आणि ती जरा वळली की तुटली म्हणतो. मुलगी परगावी गेल्यापासून तिच्या फोनची वेळ ठरलेली आहे. जरा उशीर झाला की हे स्वतःच फोन लावून तिला जाब विचारतात.

त्या संध्याकाळीही वेळ टळून गेली. यांनी फोन उचलला, थोडा वेळ नुसता हातात धरला आणि खाली ठेवला.

"असेल कुठेतरी," म्हणाले, आणि डायनामो चाकाला टेकवून चक्कर मारायला निघाले.

फाटकाशी हँडल वळलं. दिवा लागलेलाच होता.