पहिल्या दोरीला

आयर्लंडमध्ये राहून बर्फावर चालणारी गाडी बाळगणारा एकच माणूस मला भेटला. डंडॉकमधले आम्ही मराठी लोक त्यांना ‘बर्फवाले भाऊ’ म्हणायचो. घरासमोरच्या फरशीवर निळ्या ताडपत्रीखाली त्यांची स्नोमोबाइल असे, आणि रोजच्या वापरातली मोटार बिचारी बाहेर रस्त्याकडेला भिजत असे. पुढे चाकांऐवजी दोन पाट्या, मागे रबराचा रुंद पट्टा आणि वर दोन माणसांची सीट, असं ते धूड. आमच्या गावात बर्फ पडतो तो दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि तोही दुपारच्या चहापर्यंत टिकत नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही त्या गाडीवर बसलेलं. नोकरीसाठी पुण्याहून इथे येऊन मला महिनाही झाला नव्हता. रविवारी सकाळी फिरायला निघालो होतो, तर शंभर जुन्या स्कूटर एकदम सुरू व्हाव्यात असा आवाज आला. वळून बघतो तो एक पन्नाशीचे गृहस्थ, डोक्याला हेल्मेट, पायात चपला, उभ्या गाडीवर ताठ बसलेले. गाडी जागची हलत नव्हती. समोरच्या घरातली ब्रीडा नावाची म्हातारी दारात येऊन मला म्हणाली, “निघाले बघ साहेब उत्तर ध्रुवाला. जेवायच्या वेळेपर्यंत येतील परत.”

सात मिनिटांनी साहेबांनी घड्याळ बघून इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे बघून सरळ मराठीत विचारलं, “काय पाहून राहिला बे? पुण्याचा दिसतो.”

“कसं ओळखलंत?”

“नागपूरचा असता तर मागे बसू का म्हणून विचारलं असतं. तू लांब उभा राहून चूक शोधून राहिला.”

अशी ओळख झाली, आणि पुढची नऊ वर्षं माझे रविवार त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. मी एकटा राहतो. त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. तेही एकटे राहायचे. दोघांत मिळून एक कुकर लागायचा, एवढंच.

जुनी गाडी कधी विकावी, कधी बदलून घ्यावी आणि कधी ठेवावी यावर भाऊंचं स्वतःचं शास्त्र होतं. इथे मोटार दहा वर्षांची झाली की दरवर्षी सरकारी तपासणी करावी लागते. ती जवळ आली की गावातले आपले सगळे इंजिनियर त्यांच्याकडे धावत. भाऊ तेलाचं झाकण उघडून वास घेत, इंजिनाला कान लावत, मग निकाल देत. “चालू गाडी विकतात तिला विक्री म्हणतात. बंद पडल्यावर विकतात त्याला भंगार म्हणतात.” किंवा, “बदलून घ्यायची असेल तर त्या दुकानदाराच्या तोंडाकडे नको पाहू, त्याच्या शेडकडे पहा. शेड भरलेली असेल तर उलट्या पावली घरी ये.” बर्फगाडीबद्दलचा नियम वेगळा होता. ती मार्चमध्ये घ्यायची आणि ऑक्टोबरात विकायची. “मार्चमध्ये माणूस तिला वैतागलेला असतो. ऑक्टोबरात तोच माणूस तिच्या प्रेमात असतो.”

त्यांचा मला सगळ्यात आवडलेला नियम ठेवण्याबद्दलचा होता. “गाडी ठेवायला कारण एकच पाहिजे. दोन कारणं सांगणारा माणूस मनातून विकायला निघालेला असतो.”

“मग तुमचं कारण काय, भाऊ?”

“खिचडी लागून राहिली खाली. गॅस बंद कर.”

दर ऑक्टोबरात ते तिची जाहिरात मात्र लिहीत. फोटो काढत, इंजिन किती चाललंय, पट्टा कधी बदलला, सगळं खरं खरं टाकत. एखादा फोन येई. विकलो नावाच्या डोंगराळ भागात राहणारा एक हौशी माणूस तर पैसे खिशात घेऊन दारापर्यंत आला होता. भाऊंनी त्याला चहा पाजला, गाडी सुरू करून दाखवली आणि शेवटी म्हणाले की सीटखाली उंदरांनी घर केलंय, तुम्हाला फसवल्यासारखं होईल. उंदीर नव्हतेच. तो गेल्यावर मी हसलो तर म्हणाले, “माणूस ग्रँड होता रे, एकदम चांगला. पण एकटाच बसणारा होता. दोघांची सीट आहे ती.”

कारण मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. डंडॉकला येण्याआधी भाऊ कॅनडाच्या उत्तरेला होते. तिथेच संसार झाला आणि तिथेच तो मोडला. नवीन कंपनीने सामान आणायला कंटेनर दिला होता. “अर्धा रिकामा होता. भांडीकुंडी, पलंग, सगळं तिच्याकडेच राहिलं. मग म्हटलं, रिकामा काहून न्यायचा?” म्हणून गाडी आली. मुलगा रोहन तेव्हा नऊ वर्षांचा होता, तोही तिकडेच राहिला. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर तो बापाच्या पाठीला चिकटून मागे बसायचा, एवढी एकच गोष्ट भाऊ त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा सांगत. जिन्याखालच्या कपाटात, इथल्या भाषेत ‘प्रेस’मध्ये, त्याचं लाल हेल्मेट होतं. ते आता त्याच्या डोक्यात शिरणार नाही हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

स्कूटरला जशी किक तशी त्या गाडीला दोरी. जोरात ओढायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊ ती ओढत, आणि गाडी पहिल्या दोरीला सुरू होई. “ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी समजायचं, विकायची वेळ आपण चुकवली.” इथल्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल असतं, ते टाकीत पडून राहिलं तर आंबून चिकट होतं, म्हणून हा नेम.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

एका नोव्हेंबरात भाऊंची आई नागपूरला अंथरुणाला खिळली आणि ते पाच महिन्यांसाठी गेले. जाण्याआधी ते गाडीची टाकी रिकामी करायला बसले होते. मीच म्हणालो, “कशाला भाऊ? मी आहे ना. पहिल्या रविवारी येऊन सुरू करत जाईन.”

“नक्की? नाहीतर काढतो. दहा मिनिटांचं काम आहे.”

“नक्की.”

माझ्या घरापासून त्यांचं घर चालत सात मिनिटांवर आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पाऊस होता. जानेवारीत मला ताप होता, पण तो मंगळवारी उतरला होता. फेब्रुवारीत मी विसरलो. मार्चमध्ये विसरलो नव्हतो. दोन गल्ल्या ओलांडून गेलो, ताडपत्री बघितली आणि ती उचलायची भीती वाटून परत आलो. सुरू झाली नाही तर काय, ही भीती. आणि प्रत्येक पहिल्या रविवारी नागपूरहून फोन येई. मागे आईचा खोकला ऐकू येई. भाऊ विचारत, “केली?”

“केली.”

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी वर म्हणायचो, “पहिल्या दोरीला.”

फोनच्या त्या टोकाला ते हसत. त्यांच्या त्या दिवसांत हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं, असं मी स्वतःला समजावत असे.

आई मार्चअखेर गेली. एप्रिलमध्ये भाऊ परतले ते दोन किलोंनी कमी आणि एका बातमीने भारलेले. रोहन येणार होता. वीस वर्षांचा झाला होता, युरोपात मित्रांबरोबर फिरत होता, डब्लिनहून बसने येऊन एक रात्र राहून जाणार होता. “त्यानं स्वतः विचारलं रे, ती गाडी अजून आहे का, सुरू होते का. मी म्हटलं, पहिल्या दोरीला. माझा मित्र दर महिन्याला करतो. बसशील मागे? तर म्हणाला, बसेन.” बर्फ नव्हता, गाडी हलणार नव्हती. उभ्या गाडीवर सात मिनिटं. अकरा वर्षं भाऊंनी ज्यासाठी ती ठेवली होती ते एवढंच होतं.

भाऊ गुरुवारी आले, रोहन शनिवारी यायचा होता. मधला शुक्रवार माझ्या हातात होता. तेव्हाही बोललो असतो तर ताजं पेट्रोल भरता आलं असतं, कार्बुरेटर साफ करता आला असता. मी म्हणालो, “आधी एकदा बघून घेऊ या का, भाऊ?” ते म्हणाले, “तू करतच होता ना? त्याच्यासमोरच उघडू.”

शनिवारी सकाळी भुरभुर पाऊस होता. रोहन उंच, अबोल, वडिलांसारखाच खांदे ताठ ठेवून उभा राहणारा. मराठी समजायचं त्याला, बोलायचा इंग्रजीत. भाऊंनी ताडपत्री चादरीसारखी घडी करत काढली. टाकीचं झाकण उघडलं, सवयीने वाकले, आणि क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग झाकण हळूच लावलं. माझ्याकडे पाहिलं नाही. दोरी हातात घेतली.

पहिल्या दोरीला काही झालं नाही. दुसऱ्या, पाचव्या, दहाव्यालाही नाही. रोहन म्हणाला, “मी ओढू का?” त्यानेही ओढली. मग पुन्हा भाऊंनी. पुढे मी मोजणं सोडलं. ब्रीडा खिडकीत आली आणि पडदा ओढून आत गेली. तिनेही त्या दिवशी थट्टा केली नाही.

“इट्स ओके, बाबा. लीव्ह इट,” रोहन म्हणाला, आणि वडिलांच्या हातातली दोरी त्याने हलकेच सोडवली.

“वय झालं रे हिचं,” भाऊ म्हणाले. “माझंच चुकलं. मागेच विकायला पाहिजे होती.”

जेवताना दोघांनी हवामानावर बोलून घेतलं. मी वाढत होतो. रविवारी सकाळच्या बसने रोहन गेला.

सोमवारी भाऊंचा फोन आला, “ट्रेलर मिळेल का कुठे?” गावाबाहेर डेक्लन नावाचा एक जण गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो, विकतो. त्याच्याकडे गेलो. एप्रिल होता, म्हणजे भाऊंच्या शास्त्राप्रमाणे बर्फगाडी विकायची सगळ्यात वाईट वेळ. त्यांनी शेडकडे पाहिलं नाही, घासाघीस केली नाही. गाडीच्या बदल्यात गवत कापायचा एक जुना मोवर घेतला, तोही दोरीनेच सुरू होणारा. परत येताना म्हणाले, “या देशात बर्फ नाही, गवत आहे. मला कळायला अकरा वर्षं लागली, पाहा.” मी हसलो नाही. तेही हसले नाहीत.

कागदावर नंबर माझा लिहिला होता, म्हणून बुधवारी डेक्लनचा फोन मला आला. गाडी एकदम ठीक होती. नुसतं पेट्रोल सडलं होतं, तासाभरात साफ केलं, आता पहिल्या दोरीला सुरू होते. “असा वास होता की झाकण उघडताच कुणालाही कळलं असतं, महिनोन् महिने कुणी हात लावलेला नाही. तुझ्या मित्राला हवी असेल तर घेऊन जा. मोवर परत दे, झालं.”

मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. मला ते वाकणं आठवलं. झाकण उघडून वासावरून गाडीची तब्येत सांगणारा माणूस, त्याला तो वास आला नसेल? आला होता. टाकीवर वाकल्या वाकल्या त्यांना सगळं कळलं होतं, आणि मुलासमोर माझी लाज राखायला ते ती दोरी ओढत राहिले, आणि दोष त्यांनी स्वतःकडे घेतला.

“नको,” मी डेक्लनला म्हणालो. “राहू दे तुझ्याकडेच.”

गाडी परत आली असती तर तिच्याबरोबर ‘मग त्या दिवशी का नाही सुरू झाली’ हा प्रश्नही आला असता, आणि मला तो नको होता. आधीचं सगळं आळसातून आणि भित्रेपणातून झालं असेल. हे मात्र मी पूर्ण शुद्धीत केलं.

पुढच्या वर्षी भाऊ निवृत्त होऊन नागपूरला गेले. मोवर माझ्याकडे सोडला. “हिवाळ्यातही सुरू करत जा. पहिला रविवार.” मग दर पहिल्या रविवारी त्यांचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झालं की तोच प्रश्न, “केला?” आवाजात टोमणा नसायचा. मी म्हणायचो, “केला.” आणि खरंच केलेला असायचा. मग ते जरा थांबत. दोन-चार सेकंद. मी काही सांगेन म्हणून ते थांबत असावेत असं मला आता वाटतं. मी म्हणायचो, “बाकी काय, भाऊ?” ते म्हणायचे, “बाकी काही नाही.”

रोहन पुन्हा त्यांच्याकडे आला नाही. फोन करायचा, असं ऐकतो. सुरू झाली असती तर सगळं जुळलं असतं असं मी म्हणत नाही. तो मागे बसला असता, एवढंच मला माहीत आहे.

गेल्या थंडीत भाऊ गेले. त्यांच्या पुतण्याने कळवलं. त्या आठवड्यात मी डेक्लनकडे गेलो. गाडी कधीच विकली गेली होती, इंजिन एकीकडे, पट्टा दुसरीकडे. घरी येऊन मी रोहनला सविस्तर लिहिलं, वर जे लिहिलंय ते सगळं. दोन ओळींचं उत्तर आलं. वडील त्याला म्हणाले होते की डंडॉकमध्ये त्यांचा एक मित्र आहे, दर पहिल्या रविवारी न चुकता सांगितलेलं काम करतो. ते माझ्याबद्दलच बोलत होते का, असं त्याने विचारलं होतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

परवा महिन्याचा पहिला रविवार होता. गवत वाढलेलं नव्हतं. मोवर मागच्या अंगणात काढला आणि सात मिनिटं चालवला. पहिल्या दोरीला नाही, तिसऱ्या दोरीला सुरू झाला.